इंजिन बंद पडलंय, डबे जागेवर आहेत: बूटेबल पेनड्राइव्हची गोष्ट

मे महिन्याचा शेवटचा आठवडा. अमळनेर तालुक्यातल्या आमच्या गावी आप्पांचं बी-बियाण्याचं आणि खतांचं दुकान आहे. कपाशीच्या बियाण्याची गर्दी सुरू व्हायला चार दिवस राहिलेले, बाहेर ऊन मी म्हणत होतं, आणि आप्पा पंख्याखाली लॅपटॉपकडे बघत बसलेले, मयताला बसतात तसे. निळा पडदा आणि त्यावर वाकड्या तोंडाचा एक चेहरा. काय झालं म्हणून विचारलं तर म्हणाले, "लाईट गयी नि हाई डब्बा बंद पडना."

लॅपटॉपची बॅटरी दोन वर्षांपूर्वीच गेलेली. तेव्हापासून तो थेट प्लगवर चालतो. विंडोजचा अपडेट चालू असताना लाइट गेली आणि काम अर्धवट राहिलं. आप्पांनी तो तालुक्याच्या एका दुकानात नेऊन दाखवला. तिथलं निदान तीन वाक्यांत आटोपलं होतं: "विंडोज उडाली. फॉरमॅट मारावं लागेल. डेटाची गॅरंटी नाही." त्या लॅपटॉपात तीन हंगामांची उधारी होती. आप्पांना फक्त तिसरं वाक्य ऐकू आलं आणि ते लॅपटॉप तसाच उचलून घरी घेऊन आले. बरं केलं.

विंडोज उडणं आणि डेटा जाणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. आपल्याकडे त्या एका दमात बोलल्या जातात, म्हणून लोकांना त्या एकच वाटतात.

गाडी, इंजिन आणि डबे

आमच्या गावावरून भुसावळ–सुरत लाइन जवळ आहे, म्हणून रेल्वेचंच उदाहरण घेतो. समजा धरणगाव आणि अमळनेरच्या मध्ये गाडीचं इंजिन फेल झालं. डबे रुळांवर आहेत, प्रवासी आपापल्या सीटवर आहेत, सामान बर्थखाली आहे. फक्त ओढणारं कोणी नाही. अशा वेळी रेल्वे डबे जाळून टाकत नाही. बाहेरून दुसरं इंजिन आणते, गाडी जोडते आणि स्टेशनपर्यंत ओढून नेते.

कॉम्प्युटरमधलं इंजिन म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिम: विंडोज किंवा लिनक्स, म्हणजे बाकी सगळ्या प्रोग्रॅमना चालवणारा मूळ प्रोग्रॅम. तुमचे फोटो, हिशोब, अर्ज हे प्रवासी. आणि बूटेबल पेनड्राइव्ह म्हणजे बाहेरून आणलेलं दुसरं इंजिन. तो लावला की मशीन आतल्या मोडक्या विंडोजकडे न बघता पेनड्राइव्हवरच्या सिस्टिमने चालू होतं. मग आत डोकावता येतं, माणसं उतरवता येतात आणि जमलं तर जुनं इंजिनही दुरुस्त करता येतं.

बाहेरचंच इंजिन का लागतं? कारण दुरुस्तीची हत्यारं विंडोजच्या आतच असतात. कपाटाची चावी कपाटात राहिली आणि कपाट बंद झालं, अशी ती गत. खरं तर विंडोज दुरुस्तीचा एक छोटा भाग डिस्कवर वेगळा राखून ठेवते आणि दोन-तीनदा सुरू होताना अडखळली की तो आपोआप पुढे येतो. "प्रिपेअरिंग ऑटोमॅटिक रिपेअर" असं दिसतं ते हेच. पण तेच पुन्हा पुन्हा येऊन मशीन गोल फिरत राहिलं, की समजायचं चावी बाहेरूनच आणावी लागणार.

बटण दाबल्यावर आत काय होतं

हा भाग नीट कळला तर पडद्यावरचा अर्धा मजकूर आपला आपण वाचता येतो.

बटण दाबल्यावर सगळ्यात आधी जागी होते ती मदरबोर्डवरच्या, म्हणजे आतल्या मुख्य बोर्डवरच्या, चिपमधली छोटी प्रणाली. जुन्या मशीनवर तिला बायोस म्हणतात, नव्यावर यूईएफआय. दुकानात दोघींनाही बायोसच म्हणतात, आपणही तेच म्हणू. ही डिस्कवर नसते, त्यामुळे विंडोज गेली तरी ती शाबूत राहते. ती रॅम (म्हणजे चालू कामापुरती मेमरी), कीबोर्ड, डिस्क आहेत का ते तपासते आणि मग स्टेशन मास्तरासारखी बघते, गाडी कुठल्या लाइनवरून सोडायची: डिस्कवरून की पेनड्राइव्हवरून. त्या क्रमाला बूट ऑर्डर म्हणतात. डिस्क ठरली की तिच्यावरचा बूट लोडर उठतो. त्याचं काम एवढंच की विंडोजचा गाभा शोधून मेमरीत आणायचा. गाभा मग ड्रायव्हर, म्हणजे स्क्रीन-डिस्क-वायफायशी बोलणारे दुभाषे, एकेक करून उठवतो. शेवटी लॉगिन.

आता बिघाड कुठे आहे ते बघा. पडदा काळाच राहिला आणि कंपनीचं चिन्हही आलं नाही, तर बायोसच्या आधीच घोटाळा आहे: पॉवर, रॅम, बोर्ड. पेनड्राइव्हचा तिथे उपयोग नाही. चिन्ह येऊन "नो बूटेबल डिव्हाइस" आलं, तर डिस्क सापडत नाही किंवा बूट लोडर हरवलाय. निळा पडदा आला, तर लोडरने आपलं काम केलंय आणि विंडोज पुढे कुठेतरी ठेचकाळली आहे. (विंडोज ११ च्या ताज्या आवृत्त्यांत हा पडदा आता काळा केलाय. रंग बदलला, रडगाणं तेच.) आप्पांचा पडदा निळा होता, आणि खरं सांगायचं तर मला तिथेच हायसं वाटलं. निळा पडदा दिसतोय म्हणजे डिस्क निदान वाचली जातेय.

एक फाइल आणि ८५ लाख मशीन

१९ जुलै २०२४ आठवत असेल. त्या दिवशी जगभर विमानतळ, बँका, दवाखाने अडकले. आपल्याकडेही काही प्रवाशांना हाताने लिहिलेले बोर्डिंग पास मिळाले. क्राउडस्ट्राइक या सुरक्षा कंपनीच्या सॉफ्टवेअरला आलेली एक सदोष फाइल त्याच्या मुळाशी होती. मायक्रोसॉफ्टच्या अंदाजाने सुमारे ८५ लाख विंडोज मशीन त्यात सापडली. कोणाची डिस्क जळली नव्हती की डेटा पुसला गेला नव्हता. ती एक फाइल काढली की मशीन चालू.

मग एवढा वेळ का गेला? मशीन सुरूच होत नाही म्हटल्यावर त्याच्यापर्यंत इंटरनेटवरून पोहोचता येत नाही. माणसाला प्रत्येक मशीनपुढे जाऊन बसावं लागलं. मायक्रोसॉफ्टने त्यासाठी जे साधन काढलं, तेही शेवटी बूटेबल पेनड्राइव्हच होतं. मोठमोठ्या कंपन्यांची आणि आमच्या आप्पांची अडचण त्या दिवशी एकाच जातीची होती.

"बूटेबल बनवायचा कुठे, मशीन तर बंद आहे"

म्हणूनच तो आधी बनवून ठेवायचा असतो. नसेल तर शेजारचं, शाळेतलं, सेतू केंद्रातलं कुठलंही चालू मशीन चालतं. आठ जीबीचा पेनड्राइव्ह विंडोजला पुरतो. मायक्रोसॉफ्टच्या साइटवर मीडिया क्रिएशन टूल फुकट मिळतं. ते चालवलं की डाउनलोडपासून पेनड्राइव्ह तयार होईपर्यंत सगळं तेच करतं.

सगळ्यात जास्त चुका इथेच होतात. विंडोज किंवा लिनक्स डाउनलोड केली की आयएसओ नावाची एक मोठी फाइल मिळते. ती म्हणजे सीलबंद खोकं. ते खोकं जसंच्या तसं पेनड्राइव्हवर कॉपी केलं तर बायोसला काहीच दिसत नाही. तिला खोक्यातला माल ठरलेल्या जागी मांडलेला लागतो. ती मांडणी रूफससारखी टूल करतात. मी वेंटॉय वापरतो. ते पेनड्राइव्हवर एकदा बसवलं की मग मात्र आयएसओ नुसत्या कॉपी केल्या तरी चालतात आणि एकाच पेनड्राइव्हवर विंडोज आणि लिनक्स दोन्ही मावतात. कुठलंही टूल घ्या, पेनड्राइव्ह तयार करताना त्यावर आधीचं जे असेल ते सहसा सगळं पुसलं जातं.

दुसरी अडचण नेटची. विंडोज १० ची फाइल पाच जीबीच्या आसपास, लिनक्स मिंटची तीनच्या. रोजच्या दीड जीबीच्या पॅकमध्ये हे बसत नाही. आम्ही घरातले तीन मोबाइल गोळा केले, रात्री बाराच्या आधीचा कोटा आणि बाराच्या नंतरचा कोटा असं करत गच्चीवर बसून दोन्ही फाइली उतरवल्या. घरात पेनड्राइव्ह एकच सापडला, सोळा जीबीचा, ट्रॅक्टरच्या टेपमधला.

बाजारात तीनशे रुपयांत एक टीबीचा पेनड्राइव्ह मिळतो, तो या कामाला आणू नका. आत जागा थोडीच असते, फक्त मशीनला खोटा आकडा सांगितलेला असतो. फाइल अर्धी लिहिली जाते आणि रात्र वाया जाते.

पेनड्राइव्ह लावून मशीन चालू करताना बूट मेनूची कळ दाबत राहायची. डेल आणि लेनोव्होवर बहुधा एफ १२, एचपीवर एस्केप दाबून एफ ९, असूसवर एस्केप. वेळ चुकली की विंडोज पुढे निघून जाते, मग पुन्हा पहिल्यापासून. आमची चौथ्या प्रयत्नाला लागली.

आधी माणसं उतरवा

इथे माझं मत ठाम आहे. दुरुस्तीला हात लावण्याआधी डेटा बाहेर काढायचा. दुरुस्ती सोपी दिसत असली तरी.

त्यासाठी लिनक्स. लिनक्स मिंट किंवा उबुंटू पेनड्राइव्हवरून तशीच चालते, आत काही बसवावं लागत नाही. याला लाइव्ह मोड म्हणतात. डेस्कटॉप येतो, फोल्डर उघडायचं, डाव्या बाजूला विंडोजची डिस्क दिसते. बाहेरची हार्ड डिस्क लावायची आणि कॉपी करायचं, एवढंच. कधी लिनक्स म्हणते की ही डिस्क फक्त वाचता येईल, तिच्यावर लिहिता येणार नाही. विंडोज नीट बंद न झाल्याची ती खूण आहे. घाबरू नका, आपल्याला वाचायचंच आहे. फक्त डेस्कटॉपवरच्या "इन्स्टॉल" नावाच्या चिन्हाला हात लावायचा नाही.

काय कॉपी करायचं, यात लोक चुकतात. डॉक्युमेंट्स आणि फोटो सगळ्यांना आठवतात. डेस्कटॉपही सी ड्राइव्हवरच असतो, हे आठवत नाही. टॅलीप्राइमचा हिशोब डॉक्युमेंट्समध्ये नसतोच. काही बदललं नसेल तर तो सी ड्राइव्हच्या यूजर्समधल्या पब्लिक फोल्डरात, टॅलीप्राइम नावाखाली डेटा म्हणून बसलेला असतो. आप्पांची तीन हंगामांची उधारी तिथेच होती, आणि सगळी मिळून एका लग्नाच्या व्हिडिओपेक्षा लहान.

आणि फॉन्ट. ज्यांचं मराठी काम श्रीलिपी किंवा कृतीदेवसारख्या जुन्या फॉन्टमध्ये आहे, त्यांनी सी ड्राइव्हवरच्या विंडोजमधलं फॉन्ट्स फोल्डरही उचलावं. फॉरमॅटनंतर फाइल उघडते, पण "ग्रामपंचायत" ऐवजी इंग्रजी अक्षरांची खिचडी दिसते आणि माणूस म्हणतो डेटा खराब झाला. डेटा ठीक असतो, फॉन्ट नसतो.

डी ड्राइव्हवर ठेवलंय, मग काळजी कशाला, असंही ऐकू येतं. अर्धं खरं आहे. सी फॉरमॅट केला तर डी वाचतो. पण सी आणि डी या बहुतेक वेळा एकाच घरातल्या दोन खोल्या असतात. घरच बसलं तर दोन्ही गेल्या.

डब्याला कुलूप असेल तर

नव्या विंडोज ११ च्या लॅपटॉपवर मायक्रोसॉफ्टच्या खात्याने लॉगिन केलं की डिस्कला बहुतेक वेळा आपोआप कुलूप लागतं. याचं नाव बिटलॉकर किंवा डिव्हाइस एन्क्रिप्शन: डेटा अशा सांकेतिक रूपात ठेवायचा की किल्लीशिवाय कोणालाच वाचता येऊ नये. चोराने लॅपटॉप नेला तर हे उत्तम. पण पेनड्राइव्ह लावून आत शिरणारे आपणही त्या कुलपाला परकेच.

किल्ली ४८ आकड्यांची असते आणि बहुधा तुमच्या मायक्रोसॉफ्ट खात्यात साठवलेली असते. दुसऱ्या मोबाइलवरून त्याच खात्यात गेलं की सापडते. घोळ असा की लॅपटॉप घेताना दुकानातल्या पोराने त्याच्याच मनाने एखादा ईमेल टाकून खातं उघडलेलं असतं आणि त्याचा पासवर्ड ना त्याला आठवत ना तुम्हाला. किल्लीशिवाय त्या डेटाला कोणीही हात लावू शकत नाही. तेव्हा लॅपटॉप धड चालू आहे तोवरच आज खात्यात जाऊन ते ४८ आकडे एका वहीत उतरवा.

आता इंजिनकडे

डेटा बाहेर आला की मग विंडोजचा पेनड्राइव्ह. पहिल्या पडद्यानंतर मोठ्या अक्षरांत "इन्स्टॉल नाऊ" दिसतं. तिकडे जायचं नाही. खाली डाव्या कोपऱ्यात बारीक अक्षरांत "रिपेअर युअर कॉम्प्युटर" असतं, ते आपलं. नव्या आवृत्तीत दोन्ही पर्याय सरळ समोर विचारतात.

आत गेल्यावर आधी स्टार्टअप रिपेअर. हा स्वतःच तपासतो, बूट लोडरचे साधे बिघाड सुधारतो, आणि बरेचदा हात वर करतो. मग सिस्टिम रिस्टोअर, म्हणजे विंडोजने आधी टिपून ठेवलेल्या एखाद्या चांगल्या दिवसावर परत जाणं. ती सोय चालू असेल तरच. अपडेटनंतर बिघडलं असेल तर अनइन्स्टॉल अपडेट्स.

कमांड प्रॉम्प्टमध्ये, म्हणजे हुकूम टाइप करून द्यायच्या काळ्या खिडकीत, तीन साधनं कामाची. चेकडिस्क डिस्कवरच्या फाइलींची अनुक्रमणिका तपासतं, म्हणजे कुठली फाइल कुठल्या पानावर हे जुळवतं. लाइट गेल्यावर नेमकी हीच विस्कटते. एसएफसी विंडोजच्या मूळ फाइली तपासून खराब झालेल्या बदलतं. बीसीडीबूट हरवलेला बूट लोडर पुन्हा लिहितं. एक खोच लक्षात ठेवा: पेनड्राइव्हवरून आल्यावर ड्राइव्हची अक्षरं बदलू शकतात, तुमचा सी तिथे डी म्हणूनही दिसेल. आधी आत बघा, विंडोज नावाचं फोल्डर कुठे आहे, आणि मगच कमांड द्या.

आप्पांच्या मशीनवर स्टार्टअप रिपेअरने हात वर केले. चेकडिस्कने बऱ्याच चुका दाखवून सुधारल्या. मग अर्धवट राहिलेला अपडेट काढला. दुसऱ्या रीस्टार्टला लॉगिनचा पडदा आला. या भागाला चाळीस मिनिटं लागली. डाउनलोडला अख्खी रात्र गेली होती.

हे सगळं करूनही नाहीच जमलं, तर विंडोज नव्याने टाकावी लागते. तिथेही फॉरमॅट सक्तीचं नाही. त्याच भागावर फॉरमॅट न करता टाकली तर जुनं सगळं विंडोज डॉट ओल्ड नावाच्या फोल्डरात सरकवून ठेवलं जातं. प्रोग्रॅम पुन्हा टाकावे लागतात, फाइली तिथे सापडतात.

पेनड्राइव्ह जिथे हात टेकतो

डिस्कच मरायला टेकली असेल तर रूळच उखडलाय, तिथे इंजिन काय करणार. जुन्या हार्ड डिस्कमधून कट-कट आवाज येणं, एखादं फोल्डर उघडायला पाच-पाच मिनिटं लागणं, बायोसमध्ये डिस्क कधी दिसणं कधी नाही, या खुणा. अशा डिस्कवर चेकडिस्क चालवू नका, तेवढ्या घासाघाशीनेही ती जाऊ शकते. महत्त्वाचं आधी कॉपी करा. कॉपीही होत नसेल तर बंद करून डेटा रिकव्हरीवाल्याकडे न्या.

दर वेळी निळा पडदा वेगळाच मजकूर दाखवत असेल तर संशय रॅमवर. प्लग काढून रॅमची पट्टी बाहेर काढा, तिच्या सोनेरी कडा खोडरबराने हलक्या हाताने पुसा, परत बसवा. हा इलाज हास्यास्पद वाटतो, पण आपल्याकडच्या धुळीत तो कितीतरी वेळा लागू पडलेला मी पाहिलाय. आणि डेस्कटॉपचं घड्याळ रोज मागे जात असेल तर बोर्डवरचा सीआर २०३२ हा बटणासारखा सेल संपलाय. त्याच्यापायी बायोस आपली सेटिंग विसरतो आणि कधीकधी डिस्कही ओळखत नाही. वीस-तीस रुपयांचं काम.

"पाचशे रुपयांत दुकानदार करून देतो की"

देतो, आणि त्यात त्याचा दोष काढायचा नाही. दिवसाला दहा मशीन येतात. दुरुस्ती करत बसायला दोन तास, फॉरमॅट मारायला अर्धा तास. त्याच्या हिशोबाने तो बरोबर असतो. तुम्ही फक्त आधी म्हणा, "डेटा काढून द्या, त्याचे वेगळे पैसे घ्या." बहुतेक जण देतात. हे म्हणायचं असतं हेच गिऱ्हाइकाला माहीत नसतं.

मात्र तिथून येणारी विंडोज कुठली, ते विचारा. चोरीची विंडोज चालू करणाऱ्या ॲक्टिव्हेटर नावाच्या प्रोग्रॅममधून व्हायरस येण्याचे प्रकार खूप आहेत, आणि तुम्ही त्याच लॅपटॉपवर बँक उघडणार असता. लॅपटॉपसोबत मूळ विंडोज आलेली असेल तर तिचा परवाना मदरबोर्डशी बांधलेला असतो. तीच आवृत्ती पुन्हा टाकली, नेट जोडलं, की ती आपोआप मान्य होते. नवा परवाना विकत घ्यावा लागत नाही.

"विंडोज १० तर बंद झाली, मग दुरुस्त कशाला?"

बंद झाली म्हणजे चालायची थांबली असं नाही. १४ ऑक्टोबर २०२५ पासून मायक्रोसॉफ्टने तिला सुरक्षेचे नेहमीचे अपडेट देणं थांबवलं. नाव नोंदवणाऱ्या घरगुती वापरकर्त्यांना १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत मुदतवाढ दिली. विंडोज ११ ला टीपीएम २.० नावाची सुरक्षा चिप आणि बऱ्यापैकी नवा प्रोसेसर लागतो, त्यामुळे २०१७ च्या आसपासची बरीचशी मशीन तिच्या दारातूनच परत फिरतात. आप्पांचंही त्यातलंच.

अशा मशीनवर लिनक्स मिंट सुखाने चालते. पोरांचा अभ्यास, ब्राउझर, व्हिडिओ याला काही कमी पडत नाही. पण टॅली, डिजिटल सहीचं टोकन, जुने मराठी फॉन्ट यांचा रोजचा कारभार असेल तर सरसकट लिनक्स टाका असं मी सांगणार नाही. ज्या अमळनेरात १९४५ साली वनस्पती तेलाच्या धंद्यातून विप्रो उभी राहिली, तिथल्या दुकानदाराची अडचण आजही सॉफ्टवेअरपाशीच येऊन थांबते, याची मला गंमत वाटते. आप्पांनी मधला रस्ता काढला: हंगामभर हाच लॅपटॉप, कापूस विकला की नवा. तोवर दर रविवारी उधारीचं फोल्डर बाहेरच्या डिस्कवर. आणि एक नवी बॅटरी, जी दोन वर्षांपूर्वीच घ्यायला हवी होती.

पेनड्राइव्हवर मी पांढरी पट्टी चिकटवली, त्यावर "लॅपटॉप दवा" लिहिलं आणि तो पाण्याच्या मोटारीच्या स्टार्टरच्या फ्यूजच्या डबीत ठेवून दिला, म्हणजे लाइटचा घोळ झाला की हात तिथेच जाईल. आप्पांनी उधारीची यादी वरून खालपर्यंत दोनदा तपासली. एकही नाव कमी नव्हतं. मग ते संध्याकाळी ट्रॅक्टर घेऊन शेतात गेले आणि दहा मिनिटांत परत आले.

"हाई समदं ठीक शे," दारातूनच म्हणाले, "पन मना गाणा कोठे गयात?"